जुना लाडका चित्रपट, नवा दिग्दर्शक?

प्रश्न : पैनगंगेच्या या काठावर ‘झपाटलेला’ व्हिडिओ कॅसेटवर पाहतच आम्ही मोठे झालो. अशा चित्रपटाचा पुढचा भाग मूळ दिग्दर्शकानेच करावा का?
— एक वाचक, आदिलाबाद

उत्तर : तसा नियम नाही. १९९३चा ‘झपाटलेला’ महेश कोठारेंचा, आणि २०१३चा थ्रीडी दुसरा भागही त्यांचाच. शब्दभ्रमकार रामदास पाध्येंच्या बाहुल्याच्या रूपात खलनायक तात्या विंचू परतला. पण पहिल्या भागाचे नायक लक्ष्मीकांत बेर्डे २००४मध्येच गेले होते. ती पोकळी कुठलाही दिग्दर्शक, अगदी मूळचाही, भरू शकत नाही.

उलट ‘फास्टर फेणे’ पाहा. लेखक भा. रा. भागवतांचा हा बन्या फेणे दूरदर्शनवर सुमीत राघवनने साकारला होता. २०१७मध्ये आदित्य सरपोतदारांनी त्याला थोडा मोठा केला, वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आणला आणि अमेय वाघकडे सोपवला. काळ बदलला, बन्याचं नको तिथे नाक खुपसणं तेवढं राहिलं. भागवतांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर! मला ही निवड फार मोलाची वाटते.

म्हणून निर्मात्याने दिग्दर्शकाला आधी विचारावं, ‘यातलं काय बदलणार नाहीस?’ उत्तरात फक्त जुने संवाद आणि गाणी आली, तर दुसरा माणूस शोधावा.