तिकिटाचा पहारेकरी

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर हे गाव आहे. घरांना दारे न बसवण्याची तेथे जुनी परंपरा आहे. शनिदेवच गावाचा राखणदार, अशी गावकऱ्यांची श्रद्धा. परंतु जेथे माणसे फार आणि जागा थोड्या, तेथे दारही लागते आणि दारावर पहारेकरीही लागतो.

पूर्वी चित्रपटगृहाच्या खिडकीवर 'हाऊसफुल'ची पाटी लागे, आणि जवळच रेंगाळणारा एखादा इसम पाच रुपयांचे तिकीट दहा रुपयांना हळूच पुढे करी. त्याने आधीच तिकिटांचा गठ्ठा घेऊन ठेवलेला असे. कागदी तिकिटावर नाव नसे. ते ज्याच्या हाती, त्याची खुर्ची.

पुढे रांग मोबाइलमध्ये आली, तरी हा काळाबाजार थांबला नाही. 'कोल्डप्ले' या इंग्लंडमधील गायक-वादकांच्या संचाचे कार्यक्रम जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाले. त्यांची तिकिटे २२ सप्टेंबर २०२४ रोजी 'बुकमायशो' ॲपवर विक्रीस निघाली, तेव्हा एक कोटीहून अधिक लोक तेथे लोटले. एका ग्राहकाला चारच तिकिटे मिळत. तरीही काही हजारांचे तिकीट अन्यत्र लाखांवर मागितले जाऊ लागले. पोलिसांनी चौकशी केली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले. तेथे ती याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली गेली.

मग ॲपने पहारा द्यावा तरी कसा? तिकिटावरील चौकटीच्या खुणेचे छायाचित्र एकच माणूस दहा जणांना विकू शकतो. यावर अमेरिकेतील 'तिकिटमास्टर' कंपनीने २०१९ साली एक युक्ती काढली. मोबाइलवरील खूण दर काही सेकंदांनी बदलते. त्यामुळे चोरून काढलेले छायाचित्र दाराशी पोहोचेपर्यंत शिळे होते. तिकीट दुसऱ्यास द्यायचे, तर ते ॲपमधूनच द्यावे लागते, आणि कोणी कोणास दिले याची नोंद राहते.

येथे एक अडचण आहेच. ऐनवेळी आजारी पडलेला मनुष्य काही काळाबाजारवाला नव्हे. त्याला मूळ किमतीतच तिकीट परत करण्याची सोय हवी. ज्या आजोबांपाशी असा मोबाइलच नाही, त्यांच्यासाठी एखादी खिडकीही उघडी हवी.

आणि पहारेकरीच तोतया निघाला तर? २०२५ साली शनिशिंगणापूरच्याच देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांकडून पूजेचे पैसे उकळल्याची तक्रार पोलिसांत नोंदवली गेली.