क्रॅनबेरी : आंबट फळ, ते जपणारी माणसे आणि मेडिकलमधली पुडी

लघवीला जळजळ होते म्हणून मेडिकलमध्ये गेले की हल्ली काउंटरवरचा मुलगा एक पुडी पुढे करतो. पुडीवर लालचुटूक फळांचे चित्र असते, ‘क्रॅनबेरी’ असे नाव असते, पाण्यात घालून प्या असे सांगितले जाते. हे फळ आपल्यापैकी कोणी झाडावर पाहिलेले नाही, भाजीबाजारात ते दिसत नाही. मग ते आले कुठून? आणि ज्यांच्या मातीत ते उगवते ती माणसे ते कसे खात आली? पुडीचे काय करायचे ते पुढे बोलूच, पण आधी त्या माणसांची ओळख करून घेऊ. कारण फळाचे नाव जगभर पोचले आणि माणसांची नावे मात्र मागे राहिली.

क्रॅनबेरी उत्तर अमेरिकेच्या थंड भागात, दलदलीच्या आणि रेताड पाणथळ जागी वाढते. तिचे झाड नसतेच, जमिनीवर पसरणारी घोट्याएवढी उंच वेल असते. पाने बारीक, बारा महिने टिकणारी. फळ बोराएवढे, आत चार पोकळ कप्पे, त्यांत हवा, म्हणून ते पाण्यावर तरंगते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकते. पहिले दवबिंदू गोठायला लागले की थोडे गोड होते, आणि बर्फाखाली वेलीवरच राहिलेली फळे वसंतातही वेचता येतात. चव मात्र अशी, की कच्चे फळ तोंडात टाकले तर डोळे आपोआप मिटतात. शंभर ग्रॅम फळात साखर जेमतेम चार ग्रॅम.

आपल्या शाळेच्या पुस्तकांत या लोकांना ‘रेड इंडियन’ म्हटलेले असायचे. ते नाव बाहेरून आलेल्यांनी दिले आणि तेही चुकीने. तिथे शेकडो वेगवेगळे समाज आहेत, प्रत्येकाची भाषा वेगळी. अटलांटिक किनाऱ्यावरचे वाम्पानोआग आणि नॅरगॅन्सेट, त्यांच्या दक्षिणेचे लेनापे, मोठ्या सरोवरांकाठचे ओजिब्वे, मैदानी भागातले क्री, पश्चिम किनाऱ्यावरचे हैदा आणि मका, अलास्कातले युपिक. फळालाही प्रत्येकाचे आपले नाव. लेनापे त्याला ‘पाकिम’ म्हणत. ओजिब्वे भाषेत ‘माश्कीगिमिन’, म्हणजे सरळसरळ दलदलीतले फळ. रॉजर विल्यम्स नावाच्या इंग्रजाने १६४३ मध्ये नॅरगॅन्सेट भाषेवर पुस्तक छापले. त्यात ‘सासेमिनेश’ हे नाव आहे आणि हे फळ थंडावा देणारे, तापावर चांगले, अशी नोंद आहे.

आता खाण्याकडे वळू. वाम्पानोआग घरात मका हे मुख्य धान्य. मका भरडून त्याची घट्ट पेज शिजवत, तिला ‘नसांप’ म्हणतात. त्या पेजेत हंगामात असतील ती रानफळे आणि कवचफळांचा कूट टाकत. आपल्या कण्या-आंबील खाल्लेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. नुसत्या पिठाच्या पदार्थाला आंबट काहीतरी लागतेच, नाहीतर घास उतरत नाही. फळे उन्हात वाळवून ठेवत आणि हिवाळ्यात शिजवणात टाकत. गोडवा हवा असेल तिथे मेपल झाडाचा चीक आटवून केलेली साखर वापरत. वसंतात झाडाला खाच पाडून चीक गोळा करायचा आणि तासन् तास उकळायचा, त्यामुळे ही साखर ढिगाने ओतण्याची गोष्ट नव्हती. मांसाबरोबर क्रॅनबेरी शिजवून खाण्याची रीत १६७२ मध्ये जॉन जोसेलिन या प्रवाशाने लिहून ठेवली आहे. आज अमेरिकेत सणाच्या टर्कीबरोबर जो गोड लाल सॉस वाढतात, त्याची मुळे या रितीत आहेत.

सगळ्यात महत्त्वाचा पदार्थ म्हणजे पेमिकन. हा शब्द क्री भाषेतला, ‘पिमी’ म्हणजे चरबी यावरून आलेला. हरणाचे किंवा बायसन या रानगव्यासारख्या जनावराचे मांस पातळ कापायचे, उन्हात किंवा मंद आचेवर कडक वाळवायचे, दगडाने कुटून भुगा करायचा, त्यात वितळवलेली चरबी जवळजवळ तेवढ्याच वजनाने मिसळायची आणि कातडी पिशव्यांत दाबून भरायचे. ज्या भागात जे फळ मिळेल ते वाळवून, कुटून त्यात घालत. मैदानात सास्काटून नावाचे फळ जास्त, दलदलीच्या भागात क्रॅनबेरी. हे मिश्रण महिनोन् महिने, नीट ठेवले तर वर्षानुवर्षे टिकते.

आपल्या जुन्या पिढीला इथे चान्या आठवल्याशिवाय राहणार नाहीत. मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवायच्या, मडक्यात भरून ठेवायच्या आणि पावसाळ्यात घरात काही नसले की चार तुकडे भाजून किंवा कालवणात टाकून भाकरी खायची. ज्या पदार्थाने आपल्या आज्या-पणज्यांनी मुले जगवली, त्याचे नाव घ्यायला आज काही घरांत संकोच वाटतो. तिकडे मात्र पेमिकनवर कंपन्या चालल्या. कॅनडात फरचा व्यापार करणारे गोरे व्यापारी याच पेमिकनवर होड्या हाकत. त्याचे मोल इतके, की १८१४ मध्ये रेड रिव्हर वसाहतीच्या गव्हर्नराने ते बाहेर न्यायला बंदी घातली आणि त्यावरून संघर्ष पेटला. पुढे १८८० च्या दशकापर्यंत बायसनचे कळप गोळ्या घालून जवळपास संपवले गेले. कळप संपले, त्यांच्याबरोबर पेमिकन संपले आणि मैदानी समाज सरकारी रेशनच्या रांगेत उभे राहिले.

फळ टिकते कसे, यामागे शास्त्र आहे. क्रॅनबेरी खूप आम्लधर्मी असते आणि तिच्यात बेंझॉइक आम्ल निसर्गतःच असते. आज सरबताच्या आणि सॉसच्या बाटलीत टिकण्यासाठी जे ‘सोडियम बेंझोएट’ घालतात, ते याच आम्लाचा क्षार. म्हणून ही फळे नुसत्या थंड पाण्यात बुडवूनही टिकतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या हैदा आणि शेजारच्या समाजांनी साठवणीची अशीच पद्धत बसवली होती. सीडर लाकडाची एकच फळी वाफेवर मऊ करून, तीन कोपऱ्यांत वाकवून पेटी करायची. तिच्यात आंबट रानफळे पाण्यात किंवा युलाकॉन या छोट्या तेलकट माशाच्या तेलात ठेवायची. हिवाळ्यात पाहुणे आले की तीच पेटी उघडायची. या किनाऱ्यावर फळांच्या जागा कुणीही ओरबाडाव्यात अशा नव्हत्या. कोणती जागा कोणत्या घराण्याची हे ठरलेले असे. मका लोक ओझेट भागातल्या ओल्या माळांना ठरावीक काळाने आग लावत, म्हणजे झुडपे माजत नाहीत आणि फळांची वेल मोकळी राहते. गोऱ्यांना ती पडीक जमीन दिसली. ती कसलेली होती, फक्त नांगर लावलेला नव्हता.

अलास्कात जी छोटी क्रॅनबेरी असते (तिला लिंगनबेरीही म्हणतात) तिचा ‘अकुताक’ करतात. युपिक भाषेत या शब्दाचा अर्थ कालवलेले, मिसळलेले. प्राण्याची चरबी किंवा सीलचे तेल हाताने फेसून हलके करायचे आणि त्यात फळे, कधी शिजवलेला मासा मिसळायचा. आपल्याला नाव ऐकून कसेतरी वाटेल, पण जिथे कित्येक महिने जमीन गोठलेली असते, तिथे शरीराला ऊब देणारे स्निग्ध आणि त्याला तोड देणारे आंबट, दोन्ही एका वाडग्यात मिळणे हेच खरे पोषण.

आता जमिनीची गोष्ट. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. तिथे अक्विना गावी वाम्पानोआग लोक दरवर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी ‘क्रॅनबेरी दिवस’ पाळतात. मुले शाळेला न जाता घरच्यांबरोबर वाळूच्या टेकड्यांमागच्या दलदलीत फळे वेचतात आणि संध्याकाळी सगळे मिळून जेवतात. पूर्वी फळ पिकले की नाही हे पाहण्याचे काम एका माणसाकडे सोपवलेले असे, त्याने सांगेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. उरलेली फळे विकून हिवाळ्याचा किराणा भरत. १८७० मध्ये सरकारने तिथे नगर स्थापले आणि समाजाच्या सामायिक जमिनी, त्यात ही क्रॅनबेरीची दलदलही, नगराच्या नावावर गेल्या. समाजाने १९७० च्या दशकात दावा लावला. १९८७ मध्ये त्यांना केंद्र सरकारची मान्यता मिळाली आणि कायदा होऊन सामायिक जमिनी परत मिळाल्या. शंभराहून जास्त वर्षे लागली.

दरम्यान दुसरीकडे धंदा उभा राहिला होता. १८१६ च्या सुमारास केप कॉडवर हेन्री हॉल याच्या लक्षात आले, की वेलींवर वाऱ्याने वाळू येऊन पडली की त्या जोमाने वाढतात. तिथून क्रॅनबेरीची शेती सुरू झाली. ज्या दलदलीला कोणी विचारत नव्हते तिला भाव आला, आणि ज्यांच्या आयाबाया पिढ्यान् पिढ्या ही फळे वेचत होत्या, त्यांच्यातले कित्येक त्याच फळांच्या मळ्यांत मजुरीने वाकू लागले. मग या आंबट फळात साखर ओतली गेली. आज पाकिटात मिळणाऱ्या गोड वाळवलेल्या क्रॅनबेरीत शंभर ग्रॅममागे सुमारे ७० ग्रॅम साखर असते. बाटलीतल्या गोड रसाच्या एका मोठ्या पेल्यात २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. आणि ज्या लोकांनी हे फळ जगाला दिले, त्यांच्यात आज मधुमेहाचे प्रमाण अमेरिकेतल्या सगळ्या समाजगटांत सर्वाधिक आहे. शिकार गेली, रान गेले, हाती आले रेशनचे मैद्याचे पीठ, साखर आणि डालड्यासारखी चरबी. रेशनवर जगणाऱ्या कोणत्याही वस्तीने हे लक्षात घ्यावे असे मला वाटते.

आता पुडीकडे येऊ. लघवीचा जंतुसंसर्ग बहुतेक वेळा ई. कोलाय या जंतूने होतो. हा जंतू मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला चिकटतो. क्रॅनबेरीतले एक विशिष्ट द्रव्य त्याच्या चिकटण्यात अडथळा आणते, अशी समज आहे. २०२३ मध्ये ५० चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. ज्या स्त्रियांना हा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, त्यांच्यात क्रॅनबेरीने धोका साधारण पावभागाने कमी झालेला दिसला. गरोदर स्त्रियांत आणि वृद्धाश्रमांतल्या वयस्कांत फायदा दिसला नाही. आणि मुख्य गोष्ट अशी, की हे सगळे संसर्ग टाळण्याबद्दल आहे. झालेला संसर्ग पुडीने बरा होत नाही.

म्हणून भगिनींनो, ‘उन्हाळी लागली’ म्हणून आठ दिवस पुड्या पीत बसू नका. जळजळ, सारखी लागणे, लघवीत रक्त दिसणे यांपैकी काही असेल तर पालिकेच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात लघवी तपासून घ्या. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर पाठीत दुखणे, उलट्या असतील तर त्याच दिवशी जा, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. दिवस गेलेले असतील तर थोड्या त्रासालाही थांबू नका. रक्त पातळ ठेवण्याची वॉरफॅरिन ही गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रॅनबेरीचे काहीच घेऊ नये.

आपल्या वस्त्यांत या आजाराचे एक मोठे कारण मेडिकलमध्ये सुटणारे नाही. सार्वजनिक संडास लांब, अंधारात, दाराला कडी नाही, म्हणून बायका संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि लघवी तासन् तास अडवून धरतात. जंतूंना याहून सोयीचे काय? दिवसभरात पुरेसे पाणी आणि वेळेवर लघवीला जाणे याचा फायदा पुडीपेक्षा मोठा आहे, आणि त्यासाठी संडासात दिवा आणि कडी लागते. महिला मंडळाने नगरसेवकाकडे अर्ज देताना हे आरोग्याचे कारण म्हणून स्पष्ट लिहावे.

‘क’ जीवनसत्त्वासाठी क्रॅनबेरी शोधायची तर अजिबात गरज नाही. ताज्या क्रॅनबेरीत ते शंभर ग्रॅममागे १४ मिलिग्रॅमच्या आसपास असते, पेरूत दोनशेच्या वर, आवळ्यातही भरपूर.

एक फसगत मात्र ओळखून ठेवा. आपल्याकडे कित्येक पाकिटांवर ‘इंडियन क्रॅनबेरी’ लिहिलेले असते आणि आत साखरेत घोळवलेले, रंगवलेले करवंद असते. कर्जत-नेरळच्या बाजूला उन्हाळ्यात ठाकर-कातकरी बायका पानांच्या द्रोणात विकतात तेच करवंद. ते चांगले फळ आहे, पण ते क्रॅनबेरी नव्हे, दोघांचे कूळही वेगळे, आणि क्रॅनबेरीवर झालेल्या चाचण्या त्याला लागू होत नाहीत. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात शास्त्रीय नाव असेल तर पाहा : ‘कॅरिसा’ असेल तर करवंद, ‘व्हॅक्सिनियम’ असेल तर क्रॅनबेरी. करवंदच खायचे असेल तर मे महिन्यात त्या बाईकडून द्रोणभर ताजे घ्या, स्वस्त पडते आणि पैसे तिच्या हातात जातात.