आयपी पत्त्यावर बंदी : चोर सोडून संन्याशाला फाशी?

मागे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे शेवटचे दोन दिवस उरले होते आणि होस्टेलच्या नेटवरून साईट उघडली की समोर एकच : '४०३ फॉरबिडन'. पोरं फॉर्म भरायला रात्री अंबाजोगाईच्या नेट कॅफेकडे पळाली. तिथे तीच साईट झकास चालू! म्हणजे बंदी आपल्यावर नव्हती, आपल्या पत्त्यावर होती.

नेटवरून जाणाऱ्या प्रत्येक विनंतीबरोबर पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता जातो. जुन्या पद्धतीचा पत्ता म्हणजे ० ते २५५ मधले चार आकडे. सर्व्हर तो पत्ता वेळेसकट लॉगमध्ये लिहून ठेवतो. एकाच पत्त्यावरून मिनिटाला शेकडो वेळा पासवर्ड टाकून बघणं चाललेलं दिसलं, की अ‍ॅडमिन तो पत्ता बंद करतो. अपाचीवर पूर्वी 'डिनाय फ्रॉम' लिहून पुढे पत्ता द्यायचे, २०१२ च्या २.४ आवृत्तीपासून 'रिक्वायर नॉट आयपी' लिहितात. फायरवॉलमध्ये बंदी घातली तर आणखी बरं, पाहुणा फाटकावरच अडतो. (घाईत स्वतःचाच पत्ता बंद करून बाहेर बसणारे अ‍ॅडमिनही असतात!)

गोची पुढे आहे. असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी, ते जगाला पुरत नाहीत. म्हणून होस्टेलच्या सगळ्या मशिन्सना आतले १९२.१६८ वाले पत्ते आणि बाहेर पडताना राऊटरचा एकच पत्ता. पत्रावर होस्टेलचा पत्ता असतो आणि खोलीपर्यंत वॉचमन पोचवतो, तसंच. बाहेरच्या साईटला खोली दिसतच नाही. एका मशिनमधल्या व्हायरसने धिंगाणा घातला, तरी सगळं होस्टेल बाद. २००७ च्या सुरुवातीला विकिपीडियाने एक पत्ता बंद केला, तर कतार देशातल्या जवळपास सगळ्यांचं संपादन थांबलं. अख्खा देश त्याच पत्त्यामागून येत होता!

पत्ता म्हणजे माणूस नव्हे, हे आपल्याकडे फार महागात पडलेलं आहे. २००७ मध्येच ऑर्कुटवरच्या शिवाजी महाराजांच्या आक्षेपार्ह चित्राच्या तपासात पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला आयपी पत्त्यावरून अटक केली. तो सुमारे ५० दिवस येरवड्यात होता. नंतर कळलं, पत्त्यावरून मिळालेली माहिती भलत्याच ग्राहकाची होती.

म्हणून कॉलेजची साईट सांभाळणाऱ्यांनी बंदी घालावी, पण काही तासांची. जमेल तिथे पत्त्याऐवजी खातं बंद करावं. वैतागून शेवटचे दोन आकडे सोडून अख्खा पट्टा बंद केला, तर एका झटक्यात ६५,५३६ पत्ते जातात. त्यात आपलेच माजी विद्यार्थी निघायचे.

आमच्या फॉर्मचं म्हणाल, तर रेक्टर सरांनी साईटवाल्यांना पत्ता आणि वेळ कळवली, राऊटरचा लॉग तपासून व्हायरस असलेलं मशिन काढलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साईट उघडली. ज्याचं मशिन होतं त्याला मात्र अजून सगळे 'चारशे तीन' म्हणतात.