उरलेलं ग्लेझ मोरीत नको, बादलीत जमवा



शिळी पोळी उरली तर आपण टाकत नाही, कुस्करा करतो. पण मातीकामाच्या शेडमध्ये काय होतं? ब्रश धुतला, भांडं विसळलं आणि पाणी मोरीत ओतलं! त्या पाण्याबरोबर गटाच्या पैशांनी आणलेलं ग्लेझ वाहून जातं. पाइपात साका बसून मोरी तुंबते ती वेगळीच. शिवाय रंगासाठी ग्लेझमध्ये तांबं, कोबाल्ट, मँगनीज असे धातू असतात. ते परसातल्या मातीत, विहिरीजवळ जायला नकोत.

मग काय करायचं?

१. वेगवेगळ्या बादल्या ठेवा. १०००–११०० अंशांवर भाजायचं ग्लेझ एका बादलीत, १२०० अंशांच्या वरचं दुसऱ्या. दोन्ही एकत्र केली तर भट्टीत ओघळून भांडं फळीला चिकटू शकतं. शिसं असलेलं किंवा ज्यात काय आहे ते माहीत नाही असं ग्लेझ यात अजिबात घालू नका.

२. निवळू द्या. सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने दुसऱ्या बादलीत काढा. ब्रश धुवायला तेच परत वापरा. झाडांना, जनावरांना ते देऊ नका.

३. गाळून घ्या. खालचा साका ८० नंबरच्या जाळीतून गाळा. दाट ताकासारखा झाला पाहिजे. वाळून खडा झालेलं ग्लेझसुद्धा रात्रभर भिजवलं की परत कामाला येतं.

४. आधी चाचणी करा. एकदा भाजलेले तीन तुकडे घ्या. एकाला एक हात, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन हात लावा. खाली भाजक्या मातीची जुनी थाळी ठेवून भट्टीत लावा. कुठला ओघळला, कुठला तडकला, वहीत लिहा. प्रत्येक बादलीचा रंग वेगळा येतो, म्हणून चाचणी दर वेळी करायचीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे मिसळलेलं ग्लेझ कप, वाटी, ताट यांना आतून लावायचं नाही, ओठ लागतो त्या काठालाही नाही. दही, चिंच, लिंबू अशा आंबट पदार्थांनी त्यातले धातू अन्नात उतरू शकतात. कपात लिंबाची फोड रात्रभर ठेवून रंग उडाला, तर ते भांडं जेवणासाठी नाही हे नक्की. पण रंग उडाला नाही म्हणून सुरक्षित, असंही समजू नका; शिसं डोळ्यांना दिसत नाही. कुंड्या, फुलदाण्या, नावाच्या पाट्या यांना मात्र खुशाल लावा. विकताना गिऱ्हाइकाला सांगा, "ताई, हे शोभेचं आहे, जेवणाचं नाही." एका मुलाच्या पोटात गेलं, तर गटाचं नाव परत मिळायचं नाही.

आणि सांडलेलं वाळलं तर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसांत साठते आणि गेलेली फुप्फुसं परत येत नाहीत.

पुढच्या बैठकीला आपापल्या चाचणीचे तुकडे घेऊन या. कुणाच्या बादलीतून कुठला रंग निघाला, ते मिळून बघू.