ताल रचताना ध्यानात ठेव

लेकरा, खालच्या तुकड्यातली ताल, म्हणजे तो दगडी बांध, जेसीबीनं काढायची म्हणतोस, तर आधी माझं ऐकून घे. चार तासं जास्त पेरता येतील, हे खरं. पण आपल्या बालाघाटाच्या उतारावर माती हातभर, खाली निव्वळ मुरूम. ताल निघाली की मृगाचा पहिला मोठा पाऊस ती माती ओढ्याला लावील, आणि मुरमावर ज्वारी येत नाही. १९७२च्या दुष्काळात आमच्या पिढीनं रोजगाराच्या कामांवर बांध घातले, ते पाणी नि माती अडावी म्हणूनच.

काढण्यापेक्षा ढासळलेली ताल वैशाखातच रच. मुरूम लागेस्तोवर पाया खण, थोराड दगड तळाला घाल. सांध्यावर सांधा येऊ देऊ नको. मधूनमधून एखादा लांब दगड आडवा, पार आतपर्यंत जाऊ दे. भिंतीचा कल चढाकडं ठेव, पोकळीत चिपा ठोक. एका बाजूला सांडवा सोड, म्हणजे जोराचं पाणी माथ्यावरून उडी घेणार नाही.

सिमेंट मात्र लावू नको. फटींतून पाणी पाझरून खाली जातं, गाळ मागं राहतो, हीच तर तालीची करामत. फटी बुजवल्या की मागं पाणी तुंबतं, भिंतीला पोट येतं आणि ती कोसळते. गावातलं केदारेश्वराचं देऊळ चालुक्यांच्या काळातलं. तिथं जा, सिमेंटाविना दगडावर दगड कसा बसवलाय ते हात फिरवून बघ. आणि नांगराला कधी कोरीव दगड लागला, तर तो तालीत रचू नको. तलाठ्याला कळव. जुन्या देवळांचे कोरीव दगड गावच्या किल्ल्याच्या भिंतींत आधीच बरेच गेलेत.

फटी मोकळ्या ठेवायचं दुसरंही कारण आहे. धामण तिथंच राहते, आणि शेतातला उंदीर तिच्याइतका कुणी आवरत नाही. पिंगळा, मुंगूस, सरडे, सगळे तालीच्या आसऱ्याला. आतल्या पोकळीत सातेरी मधमाशी पोळं धरते. करडई, सूर्यफुलाचे दाणे भरायला तीच उपयोगी पडते. म्हणून उन्हाळ्यात बांधावरचं वाळलं गवत पेटवू नको, तणनाशकही मारू नको. आगीत अंडी-पिल्लं जातात, मुळ्या जळतात, आणि मातीला धरून ठेवणारं काही उरत नाही. बोर, तरवड आपोआप उगवली तर राहू दे. सीताफळ तर दगडातच रमतं. बीडच्या सीताफळाला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच डोंगरउताराच्या फळाला. पिंपळाचं रोप तेवढं कोवळं असतानाच काढ. त्याच्या मुळ्या भिंत उकलतात.

आता जपायचं ते. फटीत हात घालू नको. दगड हलवण्याआधी काठीनं ठोक. उचलताना पलीकडची कड आधी उचल, म्हणजे आत काही असलं तर तुझ्यापासून दूर निघेल. विषारी फुरसं लहानसं दिसतं, मातीच्या रंगात मिसळून जातं. चावलंच तर चिरायचं नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडं तर मुळीच नाही. हात-पाय न हलवता गाडीत घालून थेट अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना गाठायचा. गड्यांनाही हे सगळं काम सुरू होण्याआधीच सांगून ठेव.