तान्ह्या रक्ताची भाषा

एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीवर उपचार होतात त्या केंद्राच्या, प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं मुलांचं रक्त तपासताना मनात पक्कं बसलेलं थोडंसं लिहिते.

१. मोठ्यांचं माप बाळाला लावू नये. सीडी४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या प्रतिकारक पेशी, ९०० आल्या की मोठा रुग्ण निश्चिंत होऊन घरी जातो. सहा महिन्यांच्या बाळाचा हाच आकडा काळजीचा. निरोगी तान्ह्या बाळाच्या या पेशी सहसा १५००च्या वर असतात आणि वय वाढेल तशा कमी होत जातात. म्हणून पाच वर्षांखाली टक्केवारी बघायची. नमुन्यावर वय नसेल, तर मी आधी वय विचारून घेते.

२. बाळाची एचआयव्हीची अँटीबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून आईने धीर सोडू नये. त्या अँटीबॉडी तिच्याच असतात. नाळेतून आलेल्या, दीड वर्षापर्यंत टिकू शकणाऱ्या. खरं काय ते थेट विषाणूच शोधणारी पीसीआर चाचणी सांगते, आणि त्यासाठी सहाव्या आठवड्यात टाचेतलं रक्त लागतं. टाच शेकून ऊबदार करायची, कडेला टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा. पुढचे थेंब कार्डावरच्या गोलांत आपसूक पडू द्यायचे. टाच पिळायची नाही. कार्ड पूर्ण सुकल्याशिवाय पाकिटात घालायचं नाही. बाळ रडतं, आईही रडते. ‘ताई, पदराखाली घ्या त्याला,’ एवढंच मी म्हणते.

३. वाट पाहू नये. मोठ्या माणसाच्या सीडी८ पेशी, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या पेशी, काही आठवड्यांत विषाणूला बऱ्यापैकी आवरतात. बाळाच्या पेशी अजून कच्च्या, त्यामुळे विषाणू महिनोन्‌महिने चढाच राहतो. औषधाविना जवळपास निम्मी बाळं दोन वर्षांची होण्याआधीच जातात. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘चेर’ चाचणीत सहा ते बारा आठवड्यांच्या बाळांना लगेच औषध दिल्यावर, थांबून दिलेल्यांच्या तुलनेत, मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले. २००८ साली हे छापून आलं. लहान मुलांच्या एचआयव्हीत मला याहून मोलाचा आकडा माहीत नाही.

४. काही मोजकी मुलं औषधाविनाही वर्षानुवर्षं ठणठणीत असतात. डरबनच्या संशोधकांनी अशा मुलांच्या पेशी तपासल्या. रक्तात विषाणू भरपूर, पण पेशी भडकलेल्या नाहीत. एरवी पेशींचं सततचं भडकणंच सीडी४ संपवतं. पण बाहेरून ठणठणीत दिसलं तरी रक्तात विषाणू असू शकतो, म्हणून मूल खेळतंय, जेवतंय, एवढ्यावरून कुणी तपासणी टाळू नये.

५. डोस थांबवू नये. मिसिसिपीत २०१० साली जन्मलेल्या बाळाला तिसाव्या तासापासून औषध मिळालं. पुढे ते बंद पडलं, तरी दोन वर्षांहून जास्त काळ विषाणू सापडला नाही. २०१४ साली तो परत आला. काही पेशींत तो गुपचूप दडून होता.