घराची जमीन कोरडी व उबदार राखणे

भोर व वेल्हे भागात, विशेषतः घाटमाथ्याकडील हिरडस मावळ व कानंद खोऱ्यात, आषाढ-श्रावणात घरातील जमीन पायाला गार लागते. भिंतीलगतच्या भाताच्या कणगीचा तळ कुबट होतो. वृद्धांचे सांधे धरतात. आता विजेच्या तारांनी खालून तापणारी फरशी बाजारात मिळते. तथापि तीवर पैसा घालण्यापूर्वी हा गारवा थंडीचा आहे की ओलीचा, हे पाहणे अवश्य आहे.

त्याची परीक्षा सोपी आहे. फरशीवर हातभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्याच्या कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात व तो एक-दोन दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या खालच्या अंगास दव जमल्यास ओल जमिनीतून चढत आहे असे समजावे. वरच्या अंगास जमल्यास ती हवेतील बाष्पाची होय. तेथे ओले कपडे घरात वाळविणे टाळावे. फरशी किंचित तापविल्याचा उपयोगही तेथेच होतो.

जमिनीतील ओलीची गोष्ट निराळी. येथील पुष्कळ घरे उतारावर आहेत. वरच्या अंगास भाताचे खाचर असले म्हणजे त्यातील पाणी मुरत मुरत जोत्याखाली येते. एक लिटर पाणी सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खाते. ही विजेच्या जवळजवळ दोन-तृतीयांश युनिटाइतकी होते. अशा जमिनीत तारा घालणे म्हणजे खाचर तापविणेच होय! यास्तव प्रथम घराच्या वरच्या बाजूस, पाया उघडा पडणार नाही इतक्या अंतरावर चर खणून तो गोट्यांनी भरावा व पाणी ओढ्याकडे काढून द्यावे. नंतर आतील माती उकरून नऊ इंच दगडगोट्यांचा थर द्यावा. त्यात माती मिसळू देऊ नये, कारण मातीतूनच पाणी वर चढते. त्यावर बारीक खडी, मग भिंतीवर थोडा वळविलेला जाड प्लॅस्टिकचा अखंड कागद आणि शेवटी काँक्रीट घालावे. बहुतेक घरांत एवढ्यानेच काम भागते.

कोरियात चुलीचा धूर जमिनीखालील दगडी नळांतून फिरवून घर तापविण्याची जुनी रीत आहे. ओल्या उतारावर असे नळ पावसाळ्यात पाण्याने भरतील. सूर्यतापित पाण्याचे नळही ऐन गरजेच्या दिवसांत, ढगांमुळे, निरुपयोगी ठरतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे तर जिवावर बेतणारे आहे; तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वासही नसतो.

वृद्धाच्या वा बाळंतिणीच्या खोलीस ऊब हवीच असेल, तर ती एकच खोली निवडावी. दर चौरस मीटरला सुमारे १०० वॉट धरल्यास १० चौरस मीटरच्या खोलीस १ किलोवॉट लागतो. आठ तास सतत चालल्यास ८ युनिटे जळतात. तारांखाली उष्णतारोधक फळी घालावी, नाहीतर बरीच ऊब जमिनीत जाईल. कणगी किंवा कपाटाखाली तार नेऊ नये. लांब झाली म्हणून ती कापू नये. परवानाधारक तारतंत्र्याकडून अर्थिंग व गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे साधन बसवून घ्यावे. काँक्रीट ओतण्यापूर्वी व नंतर तारेचा विद्युतरोध मोजावा. फरशीच्या पृष्ठभागाचे तापमान २९ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये. काँक्रीटला २८ दिवस होईपर्यंत वीज चालू करू नये, आणि त्यानंतरही ऊब रोज थोडी थोडी वाढवावी.